गजकर्ण: हळू आवाजात मागितलेली ट्यूब

आम्ही दोघी जावा. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या टोकाला आमचं मेडिकल आहे. धाकटी डी.फार्म. झालेली, दुकानाचा परवाना तिच्या शिक्षणावर चालतो. थोरली हिशेब, मालाची मांडणी आणि गिऱ्हाइकाचं बोलणं सांभाळते. रेडिओवरच्या ताईंनी आम्हाला विचारलं, "पावसाळा तोंडावर आलाय, तुमच्याकडे येणाऱ्या बायकांच्या कामाचं काही सांगाल का?" आम्हाला फार विचार करावा लागला नाही. आमच्या दुकानात बायका सगळ्यात हळू आवाजात जे मागतात, ते म्हणजे खाजेचं मलम. आज त्याच्याबद्दलच बोलू.

मागच्या वर्षी एका बाजारच्या दिवशी एक वहिनी आल्या. दुकानात चार पुरुषमाणसं उभी होती, तोवर त्या बाहेरच्या पायरीवर थांबल्या. गर्दी सरली तशा आत आल्या, कमरेची पिशवी सोडली आणि शेवटपर्यंत पिळून गुंडाळी झालेली एक ट्यूब काउंटरवर ठेवली. म्हणाल्या, "हीच द्या. लावली की खाज थांबते." आम्ही विचारलं, "वहिनी, आतापर्यंत किती झाल्या?" त्यांनी बोटं मोजली. ही सातवी. आठ महिने झाले होते. जांघेत सुरू झालेली चकती कमरेपर्यंत आली होती आणि आता धाकट्या लेकीच्या पाठीवरही उठली होती. तिलाही त्या हेच मलम लावत होत्या.

आम्ही त्यांना नावं ठेवायला मोकळ्या नव्हतो. सातपैकी तीन ट्यूबा आमच्याच दुकानातून गेल्या होत्या. गर्दीच्या वेळी रिकामं खोकं समोर आलं, आणि आम्ही तसंच दुसरं काढून दिलं. काय झालंय, कुठे झालंय, किती दिवस झाले, एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही दुकानात एक नियम केला. तो नियम काय, ते पुढे सांगतोच. आधी हा आजार ओळखू.

हा किडा नव्हे, बुरशी आहे

कुणी याला गजकर्ण म्हणतं, कुणी नायटा, कुणी हिंदीतला दाद हा शब्द वापरतं. इंग्रजी नावात 'वर्म' हा शब्द आहे, त्यामुळे कातडीखाली किडा फिरतो असं पुष्कळ जणींना वाटतं. किडा वगैरे काही नसतो. ही बुरशी असते. पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर, ओल्या भाकरीवर येते, त्याच कुळातली म्हणा. आपल्या कातडीचा वरचा थर, केस आणि नखं ज्या पदार्थाची बनलेली असतात, तो खाऊन ही बुरशी जगते. म्हणून ती या तीन ठिकाणीच सापडते. हा रक्त बिघडल्याचा आजार नाही, कुणाच्या पापाचं फळ नाही, आणि बाई अस्वच्छ आहे असाही त्याचा अर्थ नाही. घाम, ओल आणि घट्ट कपडा जिथे एकत्र येतो तिथे बुरशीला जागा मिळते. शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईच्या अंगावर या तिन्ही गोष्टी असतात.

ओळखायचा कसा? सुरुवातीला लहान, लालसर, खाजणारा ठिपका दिसतो. तो गोल गोल मोठा होतो. कड उठावदार, लालसर, कधी बारीक पुरळ असलेली, आणि तिच्यावर पांढरट कोंडा. मधला भाग मात्र निवळत जातो. वरून बघितलं तर बांगडी ठेवल्यासारखं दिसतं. अशा दोन-चार बांगड्या एकमेकींत मिसळल्या की नागमोडी काठाचा मोठा चट्टा होतो. सावळ्या कातडीवर लाली फारशी दिसत नाही, तिथे कड काळपट किंवा तपकिरी दिसते. त्यामुळे रंगापेक्षा तीन गोष्टी बघा: कड, कोंडा आणि खाज.

बायकांमध्ये तो जास्त करून कुठे दिसतो? जांघेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला, नितंबांवर, स्तनांखालच्या घडीत, काखेत, आणि परकराची नाडी बसते त्या कमरेच्या पट्ट्यात. नाडीखालची जागा दिवसभर घामेजलेली राहते, वर घासली जाते. काही जणींना वाटतं, नाडी काचली म्हणून खाजतंय. काचलेली जागा नाडी सैल केली की चार दिवसांत निवते. गजकर्ण निवत नाही, तो पसरतो.

डोक्यात तो लहान मुलांना होतो. केस तुटतात, खुंट राहतात, कोंडा आणि खपल्या दिसतात. चाई वेगळी. चाईत केस जाऊन कातडी गुळगुळीत राहते, कोंडा नसतो. नखांत बुरशी शिरली की नख जाड, पिवळट, ठिसूळ होतं. भातलावणीत किंवा पाण्यात काम करून पायाच्या बोटांत ज्या चिखल्या होतात, त्यांतही पुष्कळदा हीच बुरशी असते.

गोल दिसला म्हणजे गजकर्णच असं नाही

काउंटरवरून आम्ही चट्टा बघितला तरी छातीठोक सांगत नाही, कारण सारखे दिसणारे आजार बरेच आहेत. इसब असेल तर चट्टा गोल असू शकतो, पण तो सगळा सारखाच लाल आणि खरखरीत असतो, मधोमध निवळलेला नसतो, कधी पाणीही सुटतं. सोरायसिसमध्ये चंदेरी जाड पापुद्रे येतात, कोपर-गुडघ्यावर जास्त. खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुळ्यांनी येते, रात्री फार खाजते आणि घरातल्या बहुतेकांना एकदम होते. पाठी-छातीवर फिकट किंवा तपकिरी ठिपके, वरून बारीक कोंडा, खाज जवळजवळ नाही, अशी शिबं असतात. तीही बुरशीच, पण वेगळी.

एक चट्टा मात्र कधीही अंदाजावर सोडू नका. फिकट किंवा लालसर डाग आहे, खाजत नाही, आणि त्यावर कापसाचा बोळा फिरवला तर कळत नाही, गरम-गार समजत नाही. हा कुष्ठरोगाचा डाग असू शकतो. अशा वेळी मेडिकलमधून काहीही विकत घेऊ नका. थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जा किंवा गावातल्या आशाताईंना दाखवा. उपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो आणि लवकर सुरू झाला तर आजार पूर्ण बरा होतो. खाज नाही म्हणून बाई निवांत राहते, पण इथे खाज नसणं हीच काळजीची खूण आहे.

खाज थांबली, आजार वाढला

आता त्या वहिनींच्या ट्यूबेकडे येऊ. तिच्यात बुरशी मारणारं औषध होतं, पण त्याबरोबर जंतूंवरचं औषध होतं आणि एक तीव्र स्टेरॉइडही होतं. चार-पाच औषधांची अशी खिचडी केलेली मलमं बाजारात बरीच मिळतात.

स्टेरॉइड लावलं की दोन दिवसांत खाज आणि लाली का जाते? खाज आणि लाली म्हणजे आपल्या शरीरानं बुरशीशी चालवलेलं भांडण असतं. स्टेरॉइड ते भांडण थांबवतं. समजा, रात्री घरात चोर शिरला आणि कुत्रं भुंकायला लागलं. भुंकण्यानं झोपमोड होते म्हणून कुत्र्यालाच झोपेचं औषध दिलं, तर घर शांत होईल. चोर मात्र सावकाश सगळ्या खोल्या फिरेल. तसंच होतं. बाईला वाटतं गुण आला, ती मलम थांबवते. आठवड्यात खाज दुपटीनं उठते. मग ती तेच मलम परत आणते. प्रत्येक फेरीला चट्टा मोठा होतो.

त्यातून आणखी एक घोटाळा होतो. चट्टा वेष पालटतो. ठळक कड पुसट होते, बांगडीच्या आत बांगडी दिसते किंवा नुसत्याच पुळ्या उठतात. मग डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. जांघेतली, काखेतली कातडी मुळात नाजूक असते. तिथे महिनोन्महिने स्टेरॉइड लागलं की ती पातळ होते आणि बाळंतपणानंतर पोटावर दिसतात तसे लांब वळ उठतात. गजकर्ण बरा झाला तरी ते वळ जात नाहीत. चेहऱ्यावर लावलं तर लाली, पुरळ आणि नको तिथे लव येते. लहान लेकरांची कातडी औषध जास्त शोषते, ते रक्तात जातं आणि वाढीवर परिणाम करू शकतं. त्यामुळे आईची ट्यूब लेकराला लावणं ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर.

आमचं असं म्हणणं नाही की स्टेरॉइड हे वाईट औषध आहे. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर ते मोजून देतात आणि त्याचा चांगला उपयोग होतो. पण गजकर्णावर, कुणाला न विचारता, महिनोन्महिने, हे चालत नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइड घटकांची त्वचेवर लावायची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. बाहेरून लावायच्या औषधांना त्याआधी जी सूट होती, ती त्यांच्यासाठी काढून घेतली. तुम्ही ट्यूब मागितली आणि मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली, तर रागावू नका. तो तुमचंच भलं बघतोय.

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात गजकर्ण पूर्वीसारखा सोपा राहिलेला नाही, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत जाणारा आजार आता महिनोन्महिने रेंगाळतो, उलटतो, घरभर होतो. या हट्टी बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी वेगळं नाव दिलं, 'ट्रायकोफायटन इंडोटिनी'. त्या नावात इंडिया आहे, हे ऐकून आम्हाला वाईटच वाटलं. या बुरशीच्या काही प्रकारांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध चालेनासं झालं आहे. अर्धवट उपचार आणि खिचडी मलमं यांनी तिला बळ दिलं, असं जाणकार मानतात. म्हणजे एका घरातली अर्धवट सोडलेली ट्यूब ही फक्त त्या घराची गोष्ट राहत नाही.

ट्यूब वाचायला शिका

मलमाचं मोठ्या अक्षरातलं नाव हे कंपनीनं ठेवलेलं नाव. त्यावर जाऊ नका. एकाच कंपनीच्या दोन मलमांची नावं जवळपास सारखी असतात, शेवटचं एखादं अक्षर वेगळं, आणि आतलं औषध पूर्ण निराळं. खाली बारीक अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं असतं. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला वाचायला लावा आणि शब्दाचा शेवट ऐका.

शेवट 'सोन', 'सोल' किंवा 'लोन' असा आला, तर ते बहुधा स्टेरॉइड: बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. शेवट 'कोनाझोल', 'माझोल' किंवा 'फिन' असा आला, तर ते बहुधा बुरशीचं औषध: मायकोनाझोल, लुलिकोनाझोल, क्लोट्रिमाझोल, टर्बिनाफिन. क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमाझोल यांत ऐकताना गल्लत होते. दोन्हींची सुरुवात 'क्लो', पण पहिलं बुरशीला पोसतं आणि दुसरं तिला मारतं. घाईत नाव सांगू नका, ट्यूब किंवा चिठ्ठी दाखवा.

एकाच ट्यूबमध्ये दोन्ही प्रकारची नावं असतील, तर ते मलम गजकर्णासाठी आपल्या मनानं घ्यायचं नाही. बुरशीचं औषध आहे ना आत, मग काय बिघडलं, असं म्हणू नका. बिघडवणारं त्याच्या शेजारीच बसलेलं असतं. ही शब्दांची खूण आहे, परीक्षा नव्हे. शंका आली तर काउंटरवर सरळ विचारा, "ताई, यात स्टेरॉइड आहे का?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मलम किती, कसं, किती दिवस

एखाद-दुसरी लहान चकती असेल, अंगावर किंवा हातापायावर असेल, आणि आधी काही लावलेलं नसेल, तर निव्वळ बुरशीचं साधं मलम पुरतं. क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा लावतात. काही नवी मलमं दिवसातून एकदाच लावायची असतात. मलम कोणतं, ते दुकानातल्या फार्मासिस्टकडून नीट समजून घ्या. लावायची पद्धत मात्र अशी लक्षात ठेवा, तीन वेळा 'दोन':

दिवसातून दोन वेळा. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे साधारण बोटभर रुंदी जास्त. आणि चट्टा दिसेनासा झाल्यावर आणखी दोन आठवडे.

कडेबाहेर का? बुरशी आतून बाहेर सरकत असते. आपल्याला कड दिसते तिच्या पुढे ती आधीच पोचलेली असते. म्हणून लावताना बाहेरून सुरुवात करून आत या. दिसेनासा झाल्यावरही का? कारण वरचा डाग गेला तरी कातडीत थोडी बुरशी उरते, आणि तिथूनच पुन्हा फुटते. एकूण हिशेब चार आठवड्यांच्या आसपास जातो, कधी जास्तही.

आता मलम किती लागतं ते पाहू. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत पिळलेलं मलम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. दोन्ही जांघांची मिळून चार तळहात जागा असेल, तर एका वेळेला दोन पेरं म्हणजे एक ग्रॅम, दिवसाला दोन ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब आठवडाभरात संपणार, आणि महिन्याला अशा चार लागणार. बायका एक ट्यूब आणतात, तीच महिनाभर पुरवून पुरवून लावतात, आणि मग म्हणतात औषधाला गुण नाही. पैशाची अडचण आम्हाला कळते. जनऔषधी केंद्रात हीच औषधं कंपनीच्या नावाशिवाय बरीच स्वस्त मिळतात, आणि सरकारी दवाखान्यात चिठ्ठीवर फुकटही मिळतात. विचारल्याशिवाय राहू नका.

घरगुती उपायांबद्दल पण बोलून टाकू. टाकळ्याला संस्कृतात चक्रमर्द म्हणतात, म्हणजे चकत्या मोडणारा. आजीनं त्याचा लेप लावलेला पुष्कळ जणींना आठवत असेल. आम्ही आजीला खोटं पाडत नाही. पण आज जी हट्टी बुरशी आहे तिच्यासाठी लेपावर विसंबून महिने घालवू नका. आणि लसूण ठेचून बांधणं, लिंबू चोळणं, रॉकेल, अॅसिड, चुना, हे तर कधीच नको. त्यानं कातडी भाजते, जखम होते, त्यात पू होतो, आणि गजकर्ण तसाच राहतो.

घराला औषध

मलम लावलं आणि घर तसंच ठेवलं, तर गजकर्ण फिरून येतो. कपड्यांत, टॉवेलात, अंथरुणात बुरशीचे कण टिकून राहतात.

आपण बायका परकर आणि आतले कपडे दोरीवर साडीखाली झाकून, नाहीतर न्हाणीतल्या खुंटीवर वाळत घालतो. कुणाला दिसू नयेत म्हणून. ते दमट राहतात आणि आपण तसेच घालतो. मैत्रिणींनो, ही लाज बुरशीच्या फार कामाची आहे. आतले कपडे उलटे करून कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर शिवणीवरून, नाडीच्या नेफ्यावरून गरम इस्त्री फिरवा. ज्याला गजकर्ण आहे त्याचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवा. टॉवेल, साबण, कंगवा, अंथरूण ज्याचं त्याचं वेगळं. अंघोळीनंतर जांघा, काखा, स्तनांखालची घडी आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, मगच कपडा घाला. परकराची नाडी रोज थोडी वरखाली बांधा, सैल बांधा. औषध चालू असेपर्यंत घट्ट लेगिंग्ज नकोत. पोराच्या किंवा धन्याच्या कमरेला करदोटा असेल तर उपचार होईपर्यंत उतरवून ठेवा. तो कायम ओला राहतो आणि त्याखालीच बुरशी घर करते.

घरात आणखी कुणाला खाज आहे का, हे विचारा. बऱ्याच वेळा धन्याला असते आणि तो बोलत नाही. एकीनं औषध घ्यायचं आणि दुसऱ्यानं नाही, तर दोघांचं एकमेकांना देणं-घेणं चालूच राहतं. सगळ्यांचा उपचार एकाच वेळी हवा. गोठ्यातलं वासरू बघा. डोळ्यांभोवती, मानेवर राखाडी खपल्यांच्या गोल चकत्या असतील, तर तोही गजकर्णच, आणि तो माणसाला लागतो. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि वासराला हात लावला की साबणानं हात धुवा.

डॉक्टरांकडे कधी

पुढच्यापैकी एकही गोष्ट असेल तर मलमावर थांबू नका:

चट्टा चेहऱ्यावर, डोक्यात किंवा नखांत आहे. डोकं आणि नखं यांना नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं.

अंगावर बऱ्याच जागी पसरलं आहे, किंवा घरात अनेकांना आहे.

दोन आठवडे नीट मलम लावूनही फरक नाही, किंवा बरं होऊन पुन्हा आलं आहे.

आधी खिचडी मलम लावलेलं आहे. ते थांबवलं की काही दिवस खाज आणि लाली जास्त भडकते. त्या दिवसांत घाबरून बायका तीच ट्यूब परत आणतात. म्हणून हे थांबवणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा.

बाई गरोदर आहे, अंगावर पाजते आहे, मधुमेह आहे, किंवा लहान बाळाला झालं आहे.

पू, ताप, सूज आहे.

डॉक्टर गरज वाटली तर चट्ट्यावरचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दुखत नाही, थोड्या वेळात होतं. पोटातल्या गोळ्या ते तुमची तब्येत, यकृत, इतर औषधं बघून ठरवतात. शेजारणीला दिलेल्या गोळ्या घेऊ नका. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या असतात, पित्ताच्या गोळीबरोबर घेतल्या तर नीट लागू पडत नाहीत, आणि हृदय कमजोर असेल तर त्या धोक्याच्या असतात. म्हणून तुम्हाला कुठला आजार आहे, कुठल्या गोळ्या चालू आहेत, दिवस गेले आहेत का, हे न विचारता सांगा.

आमचा नियम

आता आमच्या दुकानातला नियम. खाजेचं मलम मागायला कुणीही आलं, कितीही गर्दी असली, तरी आम्ही पाच गोष्टी विचारतो. कुठे आहे? किती दिवस झाले? आधी काय लावलं? घरात आणखी कुणाला? गरोदरपण, मधुमेह किंवा दुसरं औषध? फ्रीजच्या मागे एक स्टूल ठेवलं आहे, पडदा लावला आहे. तिथे बसून बोलता येतं. दाखवायचं असेल तर धाकटी बघते, नसेल तर नुसतं ऐकते. रिकामं खोकं दाखवून 'हेच द्या' म्हटलं, तर आम्ही देत नाही. सुरुवातीला काही गिऱ्हाइकं पुढच्या दुकानात गेली. काही परत आली.

तुमच्या गावच्या मेडिकलमध्ये हे प्रश्न कुणी विचारत नसेल, तर तुम्हीच आपणहून सांगा. "जांघेत आहे, दोन महिने झाले, ही ट्यूब लावली, धन्यालाही आहे." एवढी चार वाक्यं हळू आवाजात बोललात तरी चालेल. पण बोला.

त्या वहिनींना आम्ही त्या दिवशी ट्यूब दिली नाही. जिल्हा रुग्णालयातल्या त्वचारोग विभागाचा वार लिहून दिला आणि लेकीला, धन्याला बरोबर घेऊन जायला सांगितलं. पहिले पंधरा दिवस फार खाजलं. त्या दोनदा येऊन म्हणाल्या, "एकच द्या, रात्र तरी निघेल." आम्ही दिली नाही, आणि ते आम्हाला जड गेलं. गार पाण्याचा फडका ठेवायला सांगितलं, डॉक्टरांनी खाजेची गोळी दिली होती ती चालू ठेवायला सांगितली. तिघांचा उपचार तीन महिने चालला. आता चट्टा नाही. मांड्यांवरचे वळ आहेत, ते राहतील. लेकीची पाठ मात्र स्वच्छ झाली.

गेल्या महिन्यात त्या पुन्हा आल्या, या वेळी नणंदेला घेऊन. पुरुषमाणसं उभी होती, तरी पायरीवर थांबल्या नाहीत. आत येऊन म्हणाल्या, "हिला विचारा, तुमचे ते पाच प्रश्न." आम्ही स्टूल पुढे ओढलं.

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर फडताळात, उशाखाली, पत्र्याच्या पेटीत कुठे एखादी पिळलेली ट्यूब ठेवली असेल, ती काढा. लेकीला बोलवा, बारीक अक्षरं वाचायला सांगा. शेवट ऐका.